हिल्लाची जागा

२ जानेवारी

संकल्प. या वर्षी रोज जंगल पाहायचं आणि पाहिलेलं इथे लिहायचं. ही वही माझ्याखेरीज कुणी वाचणार नाही, तेव्हा नम्रपणाची गरज नाही.

कारण असं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सासऱ्यानं, म्हणजे आर्मासनं, काटाचमचा खाली ठेवला आणि जाहीर केलं, की येत्या जुलैत आपण नव्वदीचे होतो, गुडघे आता दलदलीत चालू देत नाहीत, तर हिल्लाची जागा या वर्षी दाखवून टाकावी म्हणतो. आमच्या गावात माणूस बँकेचा पिन सांगेल, बायकोचं वय सांगेल, पण हिल्ला, म्हणजे दलदलीतली ती सोनेरी बेरी, आपल्याला कुठे मिळते ते सांगणार नाही. आर्मासनं पोटच्या मुलीला, म्हणजे माझ्या हेल्काला, आजवर सांगितलेलं नाही. तिनंही विचारलेलं नाही. असं विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं.

म्हातारा म्हणाला, जंगलात ज्याला डोळे आहेत त्याला दाखवीन. आणि त्यानं थेट माझ्याकडे पाहिलं. हेल्काचं म्हणणं, बाबा माझ्याकडे बघत होते, तू मधे बसला होतास. हेल्काला माणसांची नजर ओळखता येत नाही.

मी तीस वर्षं या भागात बस चालवली. दोन्ही बाजूंना जंगलच जंगल. माझ्याइतकं जंगल गावात कुणी पाहिलेलं नाही, आणि तेही ताशी ऐंशीच्या वेगानं.

दुर्बीण आणली. बाहेर उणे सत्तावीस, म्हणून निरीक्षणाचा शुभारंभ स्वयंपाकघराच्या खिडकीतून. नोंद: बर्फ.

९ जानेवारी

सौनामागे, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघरामागे, लांडग्याचे ठसे! वयस्क नर, एकटा, मागच्या डाव्या पायानं अधू. दुकानात इर्याला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं.

दुपारी शेजारचा ताइस्तो आला. ठशांकडे पाहत बराच वेळ उभा राहिला. तेवढ्यात त्याचा कुत्रा मागच्या डाव्या पायानं लंगडत आला आणि नेमका त्या ठशांवर बसला. ताइस्तो म्हणाला, रायमो, घाबरू नकोस, बिस्किट दिलं की लांडगा चावत नाही.

लांडगा आणि कुत्रा मुळात एकच जात. चूक अशी काही झालेली नाही.

११ फेब्रुवारी

थंडी. जंगल जागेवर आहे.

१६ मार्च

रविवारी म्हातारा आमच्याकडे कॉफीला येतो. त्यानं विचारलं, काय पाहिलंस? मी सुतारपक्ष्याबद्दल पुस्तकातलं दीड पान ऐकवलं. जीभ किती लांब, चोच किती कठीण, सगळं. म्हातारा म्हणाला, हं. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही.

मग त्याच पुस्तकात पुढे वाचलं, की मार्चात बर्फावर कडक साय धरते आणि माणूस वरून सहज चालू शकतो. चाललो. किती वजनाचा माणूस, ते पुस्तकवाल्यांनी लिहिलेलं नाही. कमरेपर्यंत आत. ताइस्तोनं फावड्यानं खणून काढलं. खणताना विचारत होता, रायमो, तिथं खाली काय काय दिसतंय, नोंद करून ठेव. हा माणूस म्हाताऱ्याबरोबर पूर्वी शिकारीला जायचा. त्याचा डोळा त्या जागेवर आहे, हे न कळायला मी काही दूधखुळा नाही.

१९ एप्रिल

विजय. सकाळी अंथरुणातच क्रौंचाची हाक ऐकली. या वसंतातला पहिला. लगेच जिल्ह्याच्या पेपरला फोन केला. पहिला पाहुणा पक्षी पाहणाऱ्याचं नाव ते छापतात.

२२ एप्रिल

छापून आलं. कापून फ्रिजवर लावलं. म्हाताऱ्याला कॉफीच्या वेळी नेमकी फ्रिजकडे तोंड असलेली खुर्ची दिली. त्यानं वाचलं आणि म्हणाला, तळी अजून गोठलेली आहेत, बिचारा उभा कुठे राहिला असेल?

दुपारी हेल्कानं लाकडाच्या शेडच्या दाराला तेल घातलं. त्यानंतर क्रौंच ऐकू आलेला नाही. पाखरांना तेलाचा वास सोसत नसावा.

२० मे

बर्चला उंदराच्या कानाएवढी पानं. (हे हेल्काचं निरीक्षण. मी करणारच होतो.)

कुक्कू ओरडला. आमच्याकडे तो जितक्या वेळा ओरडेल तितकी वर्षं माणसाची उरली असं धरतात. शास्त्रीय वृत्तीनं मोजायला उभा राहिलो. दोनदा ओरडला आणि उडून गेला. बेजबाबदार पक्षी. स्वतःचं घरटं बांधायचं नाही, पोरं दुसऱ्याच्या गळ्यात, आणि लोकांचं आयुष्य मोजायला पुढे. पुढच्या झाडावर तो ताइस्तोच्या अंगणाकडे तोंड करून बराच वेळ ओरडत होता. तिथली मोजणी केली नाही.

२८ मे

हेल्का भांडी पुसताना अचानक बोलली. म्हणाली, एकदा तरी बाबांबरोबर त्या जागी जावं असं फार वाटतं. लहानपणी ते बादली घेऊन पहाटेच निघून जायचे आणि परत आले की त्यांच्या कपड्यांना तिथला वास यायचा. तो वास कुठला, एवढंच बघायचंय मला. बेरी नाही मिळाल्या तरी चालेल.

बेरी नाही मिळाल्या तरी चालेल! बायकांचं हे असं. जागा हातात यायची वेळ आली आणि ही वास घेत बसणार. मी तिला समजावलं, की जागा माझ्या नावावर झाली की तुला नेईनच. पुसलेली थाळी तिनं पुन्हा पुसली.

६ जून

म्हाताऱ्यानं आज विचारलं, दलदलीत पांढरं दिसलं का?

परीक्षा घेतोय, हे मी ओळखलं. म्हटलं, बाबा, बर्फ कधीच वितळलं.

हं, म्हणाला. हेल्का खिडकीकडे तोंड करून खोकली. तिला सर्दी झाली असावी.

११ जून

आज थेट मैदानात. माझ्या जुन्या बसच्या शेवटच्या थांब्यावर गेलो. तिथे खडीची बंद पडलेली खाण आहे आणि मागे दलदल. तीस वर्षं मी रोज तिथे बस वळवली. उतरायला सहसा कुणी नसायचंच. उन्हाळ्यात कधीकधी म्हाताराच पाठीवर पिशवी टाकून शेवटपर्यंत बसून यायचा. मासे मारायला जातो म्हणायचा. पुढे कोसभरावर तळं आहे खरं. पण त्यानं आणलेला मासा मी आजवर पाहिलेला नाही. गळ टाकता येईना, तळं वाकडं.

आत शिरलो. दुर्बिणीतून हंस दिसत होता. दबकत, रांगत, अर्धा तास. हंस हलेना. जवळ गेलो तर खताची रिकामी पिशवी. लोकांना जंगलाची कदर नाही.

दमून तिथेच शेवाळावर बसलो. पँट भिजली. एवढी भिकार दलदल जिल्ह्यात दुसरी नसेल. खुरटी पाइनची झाडं, डास, आणि जमिनीलगत सगळीकडे कसलीशी पांढरी फुलं, सांडलेल्या तांदळासारखी. पाय ठेवायला जागा नाही इतकी. बिनकामाचं तण. हिल्लाचं फूल असतं तर गोष्ट वेगळी, पण ते पिवळं असणार. फळावरून उघड आहे.

नोंद: इथे पुन्हा येऊ नये.

२४ जून

उन्हाळ्याच्या मध्याचा सण. सौनासाठी बर्चच्या डहाळ्यांची जुडी करायचा मान या वर्षी मी मागून घेतला. वाफेत बसून रिवाजाप्रमाणे ती पाठीवर मारून घेताना म्हातारा थांबला, जुडी नाकाशी धरली आणि म्हणाला, ही बर्च नव्हे, अल्डर आहे. ताइस्तो वरच्या बाकावर बसला होता. म्हणाला, आर्मास, डोळे असलेला जावई मिळालाय तुला, फक्त ते झाडावर पडत नाहीत.

सौनात वाद घालायचा नसतो, म्हणून मी घातला नाही. शिवाय पानं हिरवीच होती.

१२ जुलै

म्हाताऱ्याला नव्वद. केक, कॉफी, चर्चची सात माणसं. सगळे गेल्यावर तो म्हणाला, हिल्ला पिवळी झाली की सांगतो. मग तिघंही जाऊ. गाडी रायमो चालवील.

गाडी रायमो चालवील. सगळं या वाक्यात आलं. हेल्काला विचारलं, ऐकलंस? तिनं माळ्यावर चढून तिच्या आईची बर्चच्या सालीची टोपली काढली आणि ओट्यावर ठेवून ओल्या फडक्यानं पुसत बसली. पुसताना गुणगुणत होती. लग्नाच्या पस्तीस वर्षांत मी हिला गुणगुणताना फारसं ऐकलेलं नाही.

१४ जुलै

जबाबदारीनं डोकं जड झालं आहे. गावात बातमी फुटली. इर्यानं दुकानात सुट्टे देताना विचारलं, मग काय, यंदा जॅमच्या बरण्या जास्त लागतील का? म्हणजे आम्ही निघालो की सगळं गाव मागून येणार. म्हाताऱ्याला याची कल्पना नाही. तो जुन्या काळातला भाबडा माणूस.

१५ जुलै

ताइस्तोची गाडी पहाटेपासून कोल्हेटेकडीच्या पायथ्याशी उभी. चोर सापडला. मी माझी गाडी झुडपात घालून त्याच्या मागावर गेलो. टेकडी चढलो, उतरलो, पलीकडच्या चिखलात एक बूट गेला. तीन तास. डासांनी कानाच्या पाळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. बेरी एक नाही, ताइस्तो नाही.

परत येताना पाहिलं तर ताइस्तो त्याच्या अंगणातल्या झोपाळ्यावर पेपर वाचत बसलेला. गाडी तिथे लावून सायकलनं घरी आला होता. दरवर्षी लावतो म्हणे. मला विचारलं, रायमो, टेकडीवर हवा कशी आहे?

हलकट माणूस. पण युक्ती चांगली आहे.

१६ जुलै

प्लॅन ठरला. जिल्ह्यातल्या सगळ्यात भिकार जागी मी आतापासून रोज गाडी लावणार. गावाला तिकडची सवय लागेल. खऱ्या दिवशी सगळे तिकडे डास मारत बसतील आणि आम्ही तिघं निवांत खऱ्या जागी. जागा कुठली, याचा विचारही करावा लागला नाही. शेवटचा थांबा. पार्किंगला ऐसपैस. बस वळवायचो तिथेच.

म्हाताऱ्याला सांगितलेलं नाही. हेल्काला तर नाहीच. अशी कामं गुपचूप करून दाखवायची असतात.

१८ जुलै

दुसरा दिवस. प्लॅन उत्तम चालला आहे. सकाळी गाडी लावतो, झाकणाची बादली घेऊन खाणीमागे जातो, खडीच्या ढिगावर बसून सँडविच खातो. दलदलीत पाय ठेवत नाही. पँट भिजवायची हौस आता राहिली नाही. परतताना बादलीत दगड. बादली बेरींनी भरल्यासारखी, ओझ्यानं हात लांबल्यासारखा चालतो. रस्त्यानं दुधाची गाडी गेली, ड्रायव्हरनं मान वळवून पाहिलं. मी मुद्दाम बादली पाठीमागे लपवली.

ताइस्तोची सायकल पलीकडच्या वळणावर पडलेली. हसू दाबताना सँडविच घशात अडकलं.

२० जुलै

ताइस्तोची गाडी माझ्या गाडीशेजारी. लाज म्हणून नाही. इर्याच्या नवऱ्याची व्हॅन पण. ते दोघं बिचारे गुडघाभर चिखलात वाकलेले, आणि मी ढिगावर बसून कॉफी पितोय. नाटकाचं तिकीट काढून असं बघायला मिळणार नाही.

संध्याकाळी ताइस्तो आमच्या दारात. वेलचीचे पाव घेऊन. त्याच्या बायकोनं ताजे भाजलेले. म्हणाला, रायमो, मी तुला ओळखलंच नव्हतं, तू मोठ्या मनाचा माणूस आहेस. आणि माझा हात हातात घेऊन हलवला.

टोमणा मारायचा तरी असा गोड बोलून. चिखलात दिवस घालवल्याचा राग आहे दुसरं काय. पाव मात्र चांगले होते.

२३ जुलै

सहा गाड्या. चर्चचा ऑर्गन वाजवणाराही आला होता, जो माणूस एरवी कबरीपर्यंतसुद्धा चालत जात नाही. मेंढरं. एक वळलं की सगळी वळतात. इर्याच्या दुकानात कुणी मला रांगेत पुढे जाऊ दिलं. कुणी दार धरलं. भीड वाटत असावी, ज्याला जागा मिळणार त्याची.

हेल्कानं विचारलं, रोज कुठे जातोस? म्हटलं, कळेल. म्हणाली, दुकानात सगळे माझ्याकडे बघून हसतात, छान हसतात. म्हटलं, सवय कर.

२६ जुलै

इर्याच्या दुकानाच्या खिडकीत हिल्ला. ताटंच्या ताटं. अजून लाल, कडक, पिवळी व्हायला उन्हात ठेवलेली. हावरट लोक कच्च्याच तोडतात. कुणाची जागा फुटली कोण जाणे. ज्याची फुटली त्याची कीव आली. काही माणसांना तोंड म्हणून आवरत नाही.

२८ जुलै

म्हाताऱ्यानं फोन केला. बोलला फक्त, उद्या. हेल्कानं टोपलीला नवी दोरी बांधली. मी गाडी धुतली.

२९ जुलै

लिहू की नको.

लिहितो. म्हातारा पुढे बसला, हेल्का मागे, टोपली मांडीवर. मी आरशात बघत होतो, मागे कुणी नाही. प्लॅन फत्ते झाला असं मोठ्यानं म्हणालो. कसला प्लॅन, हेल्कानं विचारलं. मी गूढ हसलो.

चर्चपासून म्हातारा म्हणाला, उजवीकडे. बरं. मग पुलावरून सरळ. बरं. मग करवतीच्या गिरणीपासून डावीकडे. माझा जुना रूट. मी म्हटलं, बाबा, इकडून जरा लांब पडेल, खरी जागा कुठे आहे ते सांगा, मी जवळचा रस्ता काढतो. तो म्हणाला, तुला रस्ता येतो. चालव.

तरीही मला वाटत होतं, की आधीचं कुठलंतरी वळण येईल. दूध डेअरीचं वळण गेलं. जळक्या शाळेचं गेलं. मी गिअर उगाचच बदलले. मग खाणीची पाटी दिसली आणि म्हातारा म्हणाला, इथे. बस वळवायचास तिथे लाव.

लावायला जागा नव्हती. ट्रॅक्टरसकट अकरा वाहनं.

दलदलीत माणसं होती तेवढी शेतावरही नसतात. शेवाळ तुडवून काळं पडलेलं. म्हातारा काठी टेकत टेकत गाडीतून उतरला. त्याला वाटलं असेल, अपघात झालाय. ताइस्तो बादली घेऊन खाणीकडून येत होता, त्यानं टोपी काढली आणि हाक मारली, या आर्मास, या, सगळ्यांना पुरेल एवढं आहे इथं. रायमोनं दाखवलं नसतं तर आम्ही जन्मात इकडे आलो नसतो.

तो हे प्रेमानं बोलला. हे मला आता लिहिताना कळतंय.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मधे कुणी नव्हतं. म्हणाला, तीस वर्षं तूच मला इथं सोडत होतास रायमो. मला वाटलं होतं, तुला माहीत आहे आणि तू मानानं गप्प आहेस.

मग तो आत गेला. हेल्कानं त्याचा दंड धरला होता. कडेला, एका पाइनच्या मुळाशी, कुणाच्या बुटातून सुटलेली एक हिल्ला त्याला सापडली. पिवळी, मऊ. त्यानं ती हेल्काच्या तळहातावर ठेवली. तिनं आधी वास घेतला, मग खाल्ली. टोपली तशीच तिच्या कोपराला लटकत होती. मी गाडीपाशी उभा होतो. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही.

परत येताना गाडी हेल्कानं चालवली. मी मागे, टोपलीशेजारी.

३० जुलै

शांतपणे विचार केला तर माझी चूक शून्य. जंगल सगळ्यांचं असतं, तसा कायदाच आहे. म्हाताऱ्यानं जागा आधी सांगितली असती तर हे झालं नसतं. गुप्ततेचा अतिरेक. ताइस्तोला दुसऱ्याच्या गाडीमागे जायची खोड. आणि फुलं पांढरी का असावीत, फळ पिवळं असताना? याला काही तर्क आहे का?

हेल्काला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, बेरी गेल्या त्याचं मला काही नाही रायमो. मला एकदा तिथं बाबांबरोबर एकटीनं उभं राहायचं होतं. तेवढंच.

उत्तर सुचलं नाही. उद्या सुचेल.

८ ऑगस्ट

सुचलेलं नाही.

ताइस्तो जॅमची बरणी घेऊन आला. आमच्याच जागेतली हिल्ला. हेल्कानं आभार मानले आणि बरणी तळघरात सगळ्यात मागे ठेवली. ती जागा कुणाची होती ते त्याला कुणीतरी सांगितलं असावं, कारण आज तो मला एकही टोमणा न मारता गेला. याची सवय नाही.

१४ सप्टेंबर

मशरूमचा मोसम. हेल्का सकाळी टोपली घेऊन एकटीच जाते. कुठे, ते मी विचारत नाही. मी पायऱ्यांवर बसून दुर्बीण पुसतो. भिंगात आत डास अडकला आहे. आत कसा गेला, कळत नाही. वर्षभर मी जे लांडगे, गरुड पाहिले, त्यातले किती म्हणजे हा डासच होता, हा विचार मनात आला आणि झटकून टाकला.

नोंद: क्रौंच दक्षिणेकडे गेले. मोठा थवा, अगदी घरावरून. या वेळी सगळ्यांनीच ऐकले. पेपरला फोन केला नाही.

२० ऑक्टोबर

पहिलं बर्फ. म्हातारा रविवारी कॉफीला येतो, पण काय पाहिलंस असं विचारत नाही. मी कोल्ह्याच्या ठशांबद्दल सांगायला सुरुवात केली, तर त्यानं साखर मागितली.

२४ डिसेंबर

नाताळची संध्याकाळ. दरवर्षी शेवटी भाजलेलं चीज आणि त्यावर हिल्लाचा जॅम असतो. या वर्षी ब्लूबेरीचा होता. ताइस्तोची बरणी आणू का, असं मी विचारलं. हेल्कानं माझ्याकडे पाहिलं आणि मी चीज खाल्लं. ब्लूबेरीही वाईट लागत नाही.

२ जानेवारी

नवीन वर्षाचा संकल्प नाही.

म्हातारा कॉफीला आला होता. कप ठेवला आणि म्हणाला, रायमो, लाकडं आण. चुलीशेजारची पेटी काठोकाठ भरलेली होती. मी पेटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो हेल्काकडे बघत होता. या वेळी मी मधे बसलेलो नव्हतो, त्यामुळे गैरसमजाला वाव नव्हता. दारापाशी बूट घालताना कानावर पडलं, शहाण्या माणसाच्या दोन जागा असतात, हेल्का. मग त्यानं आवाज उतरवला. दार मी बाहेरून नीट ओढून घेतलं.

शेडचं दार पुन्हा करकरायला लागलं आहे. क्रौंच नव्हे. दार.

थंडी बरीच होती. मी लाकडं एका बाजूनं काढून दुसऱ्या बाजूला रचली. मग परत पहिल्या बाजूला. ओंडक्यावर एक पाखरू येऊन बसलं. मुठीएवढं, राखाडी, डोक्यावर काळी टोपी. सालीखाली काहीतरी शोधत होतं. माझ्याकडे बघायचं, मग पुन्हा टोचायचं. मी हललो नाही. त्याच्या पायात बर्फाचा एक कण अडकला होता, तो त्यानं चोचीनं काढला. मग दुसऱ्या ओंडक्यावर गेलं. नाव माहीत नाही.

घराच्या खिडकीत म्हाताऱ्याचं बोट टेबलावर काहीतरी रस्ता काढत होतं. मी तिकडे पाठ केली.

बऱ्याच वेळानं हेल्कानं दार उघडून हाक मारली, किती लाकडं आणतोस, कॉफी गार झाली. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती.

हं, म्हणालो.